जीप मोडली, तिचा भाव कोण ठरवणार?



कापूस एकाधिकार खरेदीचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको. दोन-दोन दिवस केंद्राबाहेर गाडीबैल उभे करायचे, मग ग्रेडर येणार, मूठभर कापूस ओढून पाहणार आणि एक शब्द बोलणार. त्या एका शब्दावर वर्षाची कमाई. तेव्हा आपण विचारत होतो, घेणारे सरकार, तोलणारे सरकार आणि प्रत ठरवणारेही सरकारच, मग आमच्या मालाला न्याय मिळणार कुठून? एकाधिकार गेला. पण ज्याने पैसे द्यायचे त्यानेच किंमत ठरवायची ही रीत गेली नाही. ती आता आपल्या जुन्या जीपच्या विम्यात येऊन बसली आहे. आणि गंमत अशी की इथे छापील कागद आपल्या बाजूचा आहे. तरीही आपला माणूस सही करून मोकळा होतो.

शहरातल्या लोकांना जुनी जीप म्हणजे हौस वाटते. रविवारी डोंगरावर चढवायची, चिखल उडवायचा, फोटो काढायचे. आपल्याकडे आषाढात काळी जमीन फुगली आणि पाणंद गुडघाभर चिखलाची झाली की गावाबाहेर पडणारे तेवढेच एक वाहन उरते. चारही चाकांना जोर देणारी, पंधरा-वीस वर्षांची, मागच्या फाळक्याला दोरी बांधलेली ही जीप बियाण्याच्या पिशव्या आणते, फवारणीचे पंप नेते, अडलेली बाई तालुक्याच्या दवाखान्यात पोचवते आणि सभेच्या दिवशी चौदा माणसे वाहते. (हा आकडा आरटीओने वाचू नये.) अशी गाडी मोडली की नवी घेण्याची ऐपत नसते, आणि तशीच जुनी बाजारात शोधायला गेले तर विकणारा तिचे वय पाहून नव्हे, तिचे काम पाहून भाव सांगतो. विमा कंपनी मात्र फक्त वय पाहते.

आम्हाला याचा अनुभव आला तो मुंबईत, आरे कॉलनीत. आरे म्हणजे गोरेगावची दूध वसाहत. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढायचे म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली ती वसवली गेली. जमीन तीन हजार एकरांहून जास्त. आता तिचे नाव निघते ते जंगलासाठी, आणि मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑक्टोबरात रात्रीतून तोडलेल्या दोन हजारांवर झाडांसाठी. पण तबेले तिथे अजून आहेत, आणि त्या म्हशींच्या गव्हाणीत आपलीच सरकी पेंड आणि आपल्याच ज्वारीचा कडबा पडतो. मुंबईच्या चहात आपल्या कोरडवाहू रानाचा वाटा आहे, हे मुंबईला ठाऊक नसले तरी आपल्याला ठाऊक असावे. अशाच कडब्याचे राहिलेले पैसे वसूल करायला आमची २००७ सालची जीप २०२३ च्या जुलैत तिथे गेली होती. हे मॉडेल बनवणाऱ्यांनी केव्हाच बंद केले आहे. नोंदणीची पंधरा वर्षे भरली म्हणून २०२२ साली तिचे पासिंग नव्याने करून घेतले होते. त्याच वर्षी एप्रिलपासून या कामाची फी सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली. ती भरली, वर पर्यावरण कर भरला.

जीप तबेल्याच्या कडेला उभी होती. रात्रभर वारा-पाऊस झाला आणि पहाटे झाड तिच्यावर आडवे पडलेले. माणूस आत नव्हता, जनावर जवळ नव्हते, एवढे बरे. टप, काचेची चौकट, स्टेअरिंग, बोनेट सगळे चेपले आणि चासी वाकली. झाड अंगावर असतानाच फोटो काढले, पोलिसात नोंद केली, विमा कंपनीला त्याच दिवशी फोन आणि दुसऱ्या दिवशी लेखी पत्र दिले, मगच गाडी ओढून गॅरेजला नेली. कंपनीच्या कचेरीतल्या पहिल्या माणसाचे म्हणणे, झाड ज्यांचे त्यांच्याकडे भरपाई मागा. त्याला पॉलिसी दाखवावी लागली. वादळ, पूर, वीज, दरड, आग, दंगल, आणि बाहेरून आदळलेली कुठलीही वस्तू, हे सगळे तिच्यात छापलेले असते.

पॉलिसी फुल होती. गाडीची घोषित किंमत, जिला एजंटापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळे आयडीव्ही म्हणतात, ती १ लाख ६० हजार रुपये. सर्व्हेअर आला, गाडीखाली शिरून पाहिले आणि दुरुस्तीचा खर्च १ लाख ३८ हजार धरला. 'टोटल लॉस' असा शेरा मारला. इथपर्यंत आमची काही तक्रार नाही. मग कंपनीचे पत्र आले. त्यात लिहिले होते, गाडीचा आजचा बाजारभाव ९० हजार. त्यातून भंगाराचे ४५ हजार वजा, सक्तीची वजावट २ हजार वजा. ४३ हजार रुपये मान्य असल्यास सोबतच्या पावतीवर सही करून पाठवावी.

म्हणजे हप्ता घेताना गाडी १ लाख ६० हजारांची आणि पैसे देताना ९० हजारांची. गाडी तीच, पॉलिसी तीच, मधे गेले अकरा महिने. उरलेल्या ७० हजारांवरही अकरा महिन्यांपूर्वी हप्ता घेतला होता, तो कुणी परत केला का? नाही. ७० हजार रुपये म्हणजे किती, ते आपल्या मापात मोजू. २०२३-२४ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता. दहा क्विंटल कापूस एका पत्रात उडवला. कोरडवाहूत तो दोन-अडीच एकरांचा, आणि तोही पाऊस बरा झाला तर.

आता नियम काय आहे ते नीट पाहू, कारण आपला माणूस इथेच गडबडतो आणि एजंट सांगेल ते खरे मानतो.

२००२ सालापर्यंत गाडीची किंमत मालकाने अंदाजाने लिहायची आणि नुकसान झाले की कंपनीने बाजारभाव काढायचा, असा कारभार होता. दोन्हीत जे कमी असेल ते मिळायचे. यावरून इतकी भांडणे झाली की २००२ च्या मोटार विम्याच्या दरपत्रकात ही घोषित किंमत आणली गेली. पाच वर्षांच्या आतल्या गाडीसाठी तक्ता ठरला. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर कारखान्याच्या यादीतल्या किमतीतून २० टक्के घसारा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के. आणि पाच वर्षांपुढची गाडी, किंवा कारखान्याने बंद केलेले मॉडेल? त्यासाठी तक्ता नाही. ती किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात बोलून ठरवायची, असे त्या दरपत्रकात स्पष्ट आहे. आपल्या बहुतेक जीप दोन्ही अटींत बसतात, पाच वर्षांपुढच्याही आहेत आणि मॉडेल बंद पडलेल्याही. म्हणजे आपल्या जीपची किंमत हा दोघांनी केलेला सौदा आहे. त्यावर कंपनीने शिक्का मारला, हप्ता घेतला आणि वर्षभराची पॉलिसी दिली.

त्याच पॉलिसीत आणखी एक ओळ छापलेली असते आणि आमच्या मते सगळ्या कागदात तीच सोन्याची. टोटल लॉस झाल्यास ही घोषित किंमत हाच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीचा बाजारभाव मानला जाईल, त्यातून आणखी घसारा कापला जाणार नाही, असा तिचा अर्थ आहे. २००७ पासून विम्याचे दर मोकळे झाले, खाजगी कंपन्या रांगेने आल्या, तरी ही ओळ पॉलिसीत राहिली. आजही आपापल्या पॉलिसीत शोधा. इंग्रजीत असते, बारीक अक्षरात असते. कॉलेजात जाणाऱ्या पोराला वाचायला लावा आणि खाली लाल रेघ ओढून ठेवा.

ही ओळ असताना '९० हजार बाजारभाव' कुठून आला? सर्व्हेअरने जुन्या गाड्यांच्या एका दलालाला फोन केला, तिथून आला. दलालाचे नाव पत्रात नाही, कुठली गाडी पाहून भाव सांगितला ते नाही. आपण बाजार समितीत अडत्याला हातरुमालाखाली बोटे धरून भाव ठरवू देत नाही म्हणून भांडलो. हा तसलाच भाव.

टोटल लॉस केव्हा धरायचा याचाही नियम आहे. गाडी ओढून आणणे आणि दुरुस्ती मिळून खर्च घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. आमच्या १ लाख ६० हजारांचे ७५ टक्के म्हणजे १ लाख २० हजार, आणि अंदाज होता १ लाख ३८ हजारांचा. प्रश्न मिटला. मालकाने गाडी कंपनीच्या हवाली केली तर २ हजार वजा जाता १ लाख ५८ हजार मिळाले पाहिजेत.

पण इथे दुसरी एक वाट आहे आणि ती जास्त वाईट. काही वेळा अंदाज मुद्दाम ७५ टक्क्यांच्या खाली ठेवला जातो, म्हणजे गाडी टोटल लॉस न होता दुरुस्तीत जाते. दुरुस्तीत गेली की सुट्या भागांवर घसारा लागतो. रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीला ५० टक्के, आणि दहा वर्षांपुढच्या गाडीच्या लोखंडी भागांनाही ५० टक्के. समजा आमच्या जीपचा अंदाज १ लाख १५ हजारांवर रोखला असता आणि त्यात ९० हजारांचे भाग असते. त्यातले ४५ हजार आमच्या खिशातून. शिवाय वाकलेली चासी ठोकून सरळ केलेली गाडी पुन्हा पाणंदीत घालायची. म्हणून अंदाजपत्रक आपल्या मिस्त्रीकडूनही लेखी करून घ्यावे, आणि सर्व्हेअरने कुठला मोडलेला भाग सोडला ते त्याच दिवशी लिहून द्यावे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागण्याचा मालकाला हक्क आहे. मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

सर्व्हेअरबद्दल आमचे वैयक्तिक वैर नाही. आमच्याकडे आला तो भला माणूस होता, चिखलात झोपून गाडी पाहिली. पण त्याला नेमते कंपनी, त्याची फी देते कंपनी आणि पुढचे काम द्यायचे की नाही तेही कंपनीच ठरवते. कायद्याने त्याला परवाना लागतो आणि त्याने दोन्ही बाजूंशी सारखे वागावे अशी अपेक्षा आहे. अपेक्षा ठीक आहे. ग्रेडरकडूनही आपली तीच अपेक्षा होती.

हा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य असे कुणी सांगितले तर ऐकून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया विमा कंपनीच्या एका खटल्यात, जो मालमोटारीच्या नुकसानीचा होता, सांगितले की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही आणि तो बाजूला ठेवता येतो. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ साली, ओरिएंटल विमा कंपनीच्या खटल्यात आलेला निकाल तर आमच्या या भांडणासाठीच दिला असावा असे वाटते. एका माणसाच्या गाडीचा विमा २००२ च्या फेब्रुवारीत ३ लाख ५४ हजार रुपये किमतीवर उतरवलेला. सप्टेंबरात अपघात, गाडी टोटल लॉस. कंपनी त्या किमतीला कबूल होईना. न्यायालयाने जे म्हटले त्याचा मतितार्थ असा, की विमा कंपन्यांचे पारडे जड असते, आणि एखाद्या वस्तूची किंमत एकदा मान्य करून पैसे द्यायची वेळ आली की त्या काही ना काही निमित्त काढून तीच किंमत नाकारतात. घ्यायचे तर घ्या नाही तर जा, ही वृत्ती कायद्यात बसत नाही आणि नीतीतही बसत नाही. न्यायालयाने ती ३ लाख ५४ हजारांचीच किंमत पायाला धरली आणि मधल्या सात महिन्यांपोटी फक्त १० हजार घसारा कापला. हे भांडण त्या घोषित किमतीच्या नव्या नियमाच्या आधी काढलेल्या पॉलिसीचे होते. आता तर तेवढाही घसारा कापायला जागा नाही.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला त्या माणसाला सहा वर्षे लागली. किती जण थांबतील? पेरणीला पैसे हवेत, पोरीची फी भरायची आहे, त्यात गॅरेजवाला गाडी ठेवण्याचे रोजचे भाडे मागतो. कंपनीला हे चांगले ठाऊक असते. त्यामुळे ४३ हजारांचे पत्र येते तेव्हा त्यासोबत 'पूर्ण आणि अंतिम' लिहिलेली पावती आधीच तयार असते.

त्या पावतीचे भय बाळगू नका. विमा नियामकाने २०१५ साली सगळ्या कंपन्यांना परिपत्रक काढून बजावले आहे की अशा पावतीवर सही केली म्हणून जास्त भरपाई मागण्याचा विमाधारकाचा हक्क जात नाही. आम्ही सही केलीच नाही. पण घरात नड असेल तर 'हरकत राखून, बाकी रक्कम मागण्याचा हक्क ठेवून स्वीकारले' असे हाताने लिहून सही करा आणि त्या कागदाचा फोटो काढा.

श्रीमंतांच्या जुन्या गाड्यांचे काय होते तेही या निमित्ताने सांगून टाकू. मुंबईत संस्थानिकांच्या आणि शेठजींच्या काळच्या मोटारींची मिरवणूक निघते. २००२ च्या त्याच दरपत्रकात १९४० सालअखेरच्या आधी बनलेल्या, क्लबचे प्रमाणपत्र असलेल्या अशा विंटेज मोटारींना खास सवलत ठेवली. त्यांची किंमत आधीच ठरवून पॉलिसीत लिहायची आणि नुकसान झाले की तीच द्यायची. हप्त्यातही सूट. दुसऱ्या कुठल्याही गाडीला अशी ठरीव किमतीची पॉलिसी देऊ नये असेही त्यातच लिहिले. वर्षातून एकदा पॉलिश करून रस्त्यावर येणाऱ्या मोटारीचा मान आम्हाला नको. पण जुनी गाडी किमती असू शकते हे ज्यांना तिथे समजते, त्यांना आमच्या जीपसमोर एकदम घसारा कसा आठवतो?

भंगाराकडे वळू, कारण आमचे खरे भांडण तिथे पेटले. कंपनीने भंगाराची किंमत ४५ हजार धरली होती. याचा अर्थ मोडकी गाडी तुम्ही ठेवा, ती ४५ हजारांना विकली जाईल असे धरून आम्ही तेवढे कमी देतो. भंगार जितके महाग दाखवाल तितके कंपनीचे देणे कमी होते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात विचारून पाहिले, ३० हजारांच्या वर कुणी बोलेना. मग आम्ही पत्र लिहिले की भंगाराला ४५ हजार येतात असे आपले म्हणणे असेल तर भंगार आपणच घ्यावे, आम्हाला १ लाख ५८ हजार द्यावेत, आपला १५ हजारांचा फायदाच आहे. या पत्राला महिनाभर उत्तर आले नाही. दुसरे पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, सोन्याच्या ओळीची झेरॉक्स आणि २००८ च्या निकालाचा दाखला जोडून. तिसऱ्या पत्रात विमा लोकपालाकडे जात असल्याचे कळवले. पाचव्या महिन्यात १ लाख ५८ हजार खात्यावर आले आणि कंपनीचा माणूस येऊन सांगाडा उचलून घेऊन गेला. व्याजाचे नाव नाही.

सांगाडा देताना एक काम विसरू नका. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते, मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम आहे. भंगारवाल्याला गाडी आणि आरसी बुक दोन्ही देऊन टाकले की तो चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढतो, मग चोर मोकळा आणि पोलीस तुमच्या दारात. कंपनीला देत असाल तरी दिल्याची पोच घ्या आणि आरटीओला टपालाने पत्र टाका. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, हेही धरून चाला.

मुंबईच्या लोकांना टोटल लॉस शब्द कळला तो २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आपल्याकडे एवढा कधी कधी अख्ख्या वर्षात पडत नाही. विहार तलाव आणि आरेच्या बाजूने निघणारी मिठी नदी घराघरात शिरली, गाड्या टपापर्यंत बुडाल्या. पुराचे नुकसान पॉलिसीत बसते. पण पाणी ओसरल्यावर लोकांनी किल्ली फिरवली, इंजिनात पाणी ओढले गेले, आतले दांडे वाकले, आणि कंपन्या म्हणाल्या हे पुराने नाही, तुमच्या किल्लीने झाले. आपल्या ओढ्यानाल्यांतही हेच होते. पुलावरून पाणी वाहत असताना जीप बंद पडली तर पुन्हा चालू करून पाहू नका, ढकलून किंवा ट्रॅक्टरने ओढून काढा आणि आधी फोटो काढा.

कंपनीकडे आणखी दोन ठरलेल्या सबबी असतात. पहिली ड्रायव्हरच्या लायसनची. हलक्या वाहनाचे लायसन आहे, व्यावसायिक वाहनाचा शेरा नाही, म्हणून क्लेम नामंजूर. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरात हा वाद मिटवला आहे. साडेसात टनांच्या आतले वाहन असेल तर हलक्या वाहनाचे लायसन पुरते. दुसरी सबब भाड्याची. खाजगी जीपमध्ये बाजाराच्या दिवशी भाड्याने माणसे बसवली, हे पॉलिसीच्या अटीविरुद्ध आहेच आणि त्याची वकिली आम्ही करत नाही. पण तेवढ्यावरून क्लेम पूर्ण बुडवता येत नाही, काही हिस्सा तडजोडीने द्यावा लागतो, असे २०१० साली त्याच न्यायालयाने म्हटले आहे.

कंपनीवाले यावर म्हणतील, आणि काहींनी आम्हाला तोंडावर म्हटले, की खेड्यात लोक जुनी जीप खड्ड्यात ढकलून विमा काढतात, म्हणून आम्ही जुन्या गाडीच्या किमतीला कात्री लावतो. असे करणारे असतील. कापसात पाणी मारणारेही होते. पाणी मारणाऱ्याचा कापूस परत करा, त्याच्यावर खटला भरा. सगळ्या तालुक्याच्या कापसाला खालची प्रत लावू नका. शिवाय किमतीची एवढी शंका असेल तर ती हप्ता घेण्याच्या दिवशी यायला हवी. त्या दिवशी गाडी पाहायला माणूस पाठवावा, इंजिन ऐकावे, किमतीवर वाद घालावा. आम्ही खुल्या बाजाराचे पक्षपाती आहोत. सौदा करताना घासाघीस करा, वाटेल तेवढी करा. झालेला सौदा नुकसान झाल्यावर फिरवायला आमचा विरोध आहे.

आणि आता थोडे आपल्याच माणसांशी. आपल्याकडे दहापैकी कितीतरी जीपवर नुसती थर्ड पार्टी असते. ती कायद्याने सक्तीची म्हणून काढायची, पोलिसाने अडवले तर दाखवायची. तिच्यात दुसऱ्याचे नुकसान भरून मिळते, आपल्या गाडीचे एक पैसाही नाही. झाड पडले, पूर आला, आग लागली, सगळे आपल्या अंगावर. ज्यांच्याकडे फुल पॉलिसी असते ते एजंटाला सांगतात, हप्ता कमी बसव. एजंट काय करतो? घोषित किंमत खाली आणतो. दरवर्षी दहा-पंधरा हजारांनी कमी, कुणाला विचारत नाही, संगणकात आकडा बदलतो. पाच वर्षांत दीड लाखाची जीप पाऊण लाखापर्यंत येते आणि मग खरेच झाड पडते. जुन्या दरपत्रकात आपल्यासारख्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा दर सुमारे साडेतीन टक्के होता. म्हणजे किंमत पन्नास हजारांनी वाढवली तर हप्ता वर्षाला सतराशे-अठराशेने वाढतो, वर अठरा टक्के जीएसटी. दोन हजारांच्या आसपासची बाब. एका फवारणीच्या औषधाला आपण याहून जास्त घालतो आणि दुकानदाराला पावतीही मागत नाही.

तेव्हा नूतनीकरणाच्या महिन्यात एजंटापुढे नुसते पैसे टाकू नका. तशाच दोन-तीन जीप विकल्या गेल्या असतील त्यांचे भाव विचारून ठेवा, टायर-इंजिनाच्या कामाच्या पावत्या ठेवा, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा आणि किंमत किती लिहायची ते तुम्ही सांगा. कंपनी कमी लिहीत असेल तर का, ते लेखी मागा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला फुल पॉलिसी देत नाही म्हणून अनेक कंपन्या हात वर करतात. एकीने नाही म्हटले तर दुसरीकडे जा, आता तेवढ्या कंपन्या आहेत. त्यांच्या तक्त्याने काढलेली किंमत मान्य नसताना गप्प राहिले तर पुढे तोच 'आपसात ठरलेला' सौदा धरला जातो.

भांडण लागलेच तर आधी कंपनीला लेखी तक्रार करायची आणि महिनाभर थांबायचे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कचेरी आहे, फी नाही, वकील चालत नाही, म्हणजे तिथे आपण आणि कंपनी सारखेच उभे राहतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. तिथे जायचे नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, गाडी आरेत मोडली तरी मुंबईला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षे.

आमचे मागणे साधे आहे. पाच वर्षांपुढच्या गाडीची घोषित किंमत मागच्या वर्षापेक्षा कमी लिहायची असेल तर कंपनीने मालकाची सही घेतल्याशिवाय ती लिहू नये. टोटल लॉस झाल्यावर 'बाजारभाव' हा शब्द पत्रात वापरायला बंदी असावी, कारण तो भाव पॉलिसीत आधीच लिहिलेला आहे. भंगाराची किंमत कंपनीने सांगितली तर त्या किमतीला ते उचलण्याची जबाबदारीही तिचीच. आणि सर्व्हेअरची नेमणूक पैसे देणाऱ्याच्या हातून काढून घ्यावी, तो जिल्ह्याच्या यादीतून पाळीने यावा. पीक विम्यातही हेच दुखणे आहे. एक रुपयात विमा २०२३ च्या खरिपाला आला आणि २०२५ च्या खरिपाला गेला, कापसाचा हप्ता पुन्हा पाच टक्क्यांवर आला, पण नुकसान मोजणार कोण हा प्रश्न जिथल्या तिथे. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

येत्या जिल्हा बैठकीला जीपने येणाऱ्या प्रत्येकाने गाडीत पडलेली पॉलिसी सोबत आणावी, नुसती थर्ड पार्टी असेल तरी आणावी. दुपारच्या जेवणानंतर तासभर फक्त याच कामाला ठेवला आहे. ज्यांच्या घोषित किमती एजंटांनी परस्पर खाली आणल्या आहेत त्यांची कंपनीवार यादी करून एकत्र पत्रे पाठवायची आहेत, आणि ज्यांनी मागच्या दोन वर्षांत टोटल लॉसच्या पावतीवर सह्या केल्या आहेत त्यांनी पावतीची झेरॉक्स आणावी. मुदत अजून गेलेली नाही.